कागद कशाला लागतो?



मागच्या महिन्यात बस्तीत अभिषेक झाल्यावर दोघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, बी.एड. करायचं म्हणजे नक्की काय करावं लागतं हो? आणि या वयात जमतं का?" एकीची मुलगी बारावीला आहे, तिला शिक्षिका व्हायचंय. दुसरी स्वतःसाठीच विचारत होती, पण लाजून भाचीचं नाव पुढे करत होती. तेव्हाच ठरवलं की चातुर्मासातल्या पदार्थांचा लेख पुढच्या वेळी, आधी हे लिहायचं. माहिती तर सांगतेच, पण त्याबरोबर माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय मला जे मिळालं ते तुम्हाला कळणार नाही.

सुरुवात सासूबाईंच्या प्रश्नापासून करते. २०२२ साली मी बी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज भरत होते. वय सदतीस, थोरला दहावीत, धाकटी सहावीत. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मान वर न करता विचारलं, "बारा वर्षं पाठशाळेत पोरांना शिकवतेसच की. आता शिकवायला कागद कशाला लागतो?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "शाळेत नोकरीला लागतो आई," एवढंच म्हटलं. ते खरं होतं, पण उत्तर नव्हतं.

बस्तीच्या मंडपात दर रविवारी सकाळी मी पाठशाळा घेते हे तुम्हाला माहीतच आहे. णमोकार मंत्र, चोवीस तीर्थंकरांची नावं आणि लांछनं, दर्शनाची स्तुती, गोष्टी. मुलं धडाधडा म्हणून दाखवायची, पालक खूश व्हायचे, वार्षिक कार्यक्रमात माझा नारळ देऊन सत्कार व्हायचा. आपल्याला शिकवता येतं याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती.

माझं लग्न बारावीनंतर झालं. मुलं लहान असताना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. सकाळी पाठशाळा आणि तिथूनच संपर्क सत्राला, असे कितीतरी रविवार गेले. बी.एड.ही तसंच घरबसल्या होईल असं वाटलं होतं. पण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीपासून शाळेत शिकवणाऱ्यांसाठी असतं. माझ्यासारखीला रोज कॉलेजात जाऊनच करायला हवं होतं. आधी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यायची. त्यात बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षकी पेशाकडे कल आहे का, हे बघणारे प्रश्न असतात. मग गुणांप्रमाणे कॉलेज मिळतं. पूर्वी एका वर्षाचं असणारं बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आहे. वर्षाला किमान दोनशे दिवस कामकाज, वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या अनुभवाला ९० टक्के हजेरी. म्हणजे पाहुणे आले, लग्न निघालं म्हणून दांडी मारता येत नाही. हे घरात आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे नणंदेच्या घरच्या वास्तुशांतीला मी नव्हते याची आठवण मला अजून करून दिली जाते.

फीचा पहिला हप्ता माझ्या भिशीतून गेला. यांनी "दुकानातून घे" म्हटलं होतं, पण मला वाटलं, पहिला पैसा आपला असावा. आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १८८७ साली कुंभोजला जन्मलेले, आपल्याच समाजातले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पण वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आपण बायकांनी जास्त आठवावं. त्यांच्यापुढे माझी भिशी ती केवढी! पण भिशीचे पैसे भरताना मला त्यांचीच आठवण झाली.

खरी ओढाताण पैशाची नव्हती, सूर्यास्ताची होती. कॉलेज पाचला सुटायचं. बस वेळेवर मिळाली तर पावणेसहाला घरी. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. सासूबाई भाकरी-आमटीचं ताट वाढूनच ठेवायच्या आणि मी पायातली चप्पल काढता काढता हात धुवायला जायचे. बस चुकली की त्या रात्री उपाशीच. पहिल्या महिन्यात असे चार दिवस गेले. नंतर दुपारच्या डब्याशिवाय एक छोटा डबा जास्त न्यायला लागले आणि सुटल्यावर कॉलेजच्या ओट्यावर बसूनच खायला लागले. माझं बघून वर्गातल्या दोघी बिगरजैन मुलीही माझ्यासोबत डबा उघडायला लागल्या. कांदा-लसूण नसलेली माझी मुगाची उसळ त्यांना भारी आवडायची.

आता शिकण्याबद्दल. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. नाव मोठं आहे, पण गोष्ट साधी. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, जसं प्रश्न विचारणं, फळ्यावर लिहिणं, उदाहरण देणं, शाबासकी देणं. सहा मिनिटं शिकवायचं. समोर आपल्याच वर्गातल्या पाच-सहा जणी विद्यार्थी होऊन बसतात. सहा मिनिटं त्या आणि मॅडम काय चुकलं ते सांगतात. बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा. परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. एकूण छत्तीस मिनिटांचं चक्र. मी मनात म्हटलं, हे पोरखेळ आहेत, आपल्याला बारा वर्षांचा अनुभव आहे.

माझा पहिला पाठ प्रश्न विचारण्याचा होता. मी झोकात शिकवला. मग माझं निरीक्षण करणारी मुलगी उठली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वहीत बघून म्हणाली, "ताई, तुम्ही सहा मिनिटांत अकरा प्रश्न विचारले. त्यातल्या आठांची उत्तरं तुम्हीच दिलीत."

कान गरम झाले माझे. घरी आल्यावर दुसऱ्या पाठाची तयारी करायची होती. सासूबाईंना खाटेवर बसवलं आणि त्यांना विद्यार्थिनी केलं. त्या चौथी शिकलेल्या. पाचेक मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "अगं, तूच विचारतेस आणि तूच सांगतेस. मग मी कशाला बसलेय इथं?"

मॅडमनी दुसऱ्या दिवशी एक गोष्ट सांगितली ती मी टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेनं वर्गांत बसून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद! णमोकार मंत्राची एक ओळ म्हणायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढाही वेळ मी मुलांना दिला नव्हता.

आता ती चूक.

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात शिक्षण हक्क कायदा शिकवत होते. २००९ चा कायदा, २०१० च्या एप्रिलपासून लागू झालेला. मोफत आणि सक्तीचं शिक्षण, एवढंच मला माहीत होतं. मॅडमनी कलम सतरा काढलं. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही हे तर आहेच, त्याच वाक्यात मानसिक छळही करायचा नाही असं आहे. मग त्यांनी सगळ्यांना कोरे कागद दिले. एका बाजूला लिहा, शाळेत कुणी तुमचा अपमान केला होता तो प्रसंग. दुसऱ्या बाजूला लिहा, तुम्ही कोणत्या मुलाला दुखावलंत तो प्रसंग. नाव घालायचं नाही.

पहिली बाजू मी भरभरून लिहिली. दुसरी कोरी ठेवली. मी कधी कुणावर हात उचलला नव्हता.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ती मुलगी आठवली.

२०१९ सालची गोष्ट. पाठशाळेत दर रविवारी सुरुवातीला मी विचारायचे, "या आठवड्यात कुणी कुणी कंदमूळ खाल्लं? हात वर करा." कुणीच हात वर करायचं नाही. मग मी "शाब्बास" म्हणायचे. त्या रविवारी चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "काकू, शाळेतल्या खिचडीत बटाटा होता. मी खाल्ला." मी तिला उभं राहायला सांगितलं. बटाट्यात किती जीव असतात ते सगळ्यांना समजावून सांगितलं, तिच्याकडे बोट दाखवून. पोरं फिदीफिदी हसली. शेवटी प्रभावनेची पेढ्याची पुडी सगळ्यांना दिली, तिला म्हटलं, "तुला पुढच्या रविवारी." बाहेर पडताना दोन मुलं तिला "बटाटा, बटाटा" म्हणत होती. मी ते ऐकलं आणि चपला शोधत राहिले.

ती पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. काही महिन्यांनी टाळेबंदी आली, पाठशाळाच बंद पडली. पुन्हा सुरू झाली तेव्हाही ती नव्हती. तिची आई सूतगिरणीत कामाला जाते. मी मनाशी म्हटलं होतं, घरातच वळण नसेल तर मूल तरी काय करणार.

सख्यांनो, आपण मुलांना शिकवतो की हिंसा मनानं होते, वचनानं होते, कायेनं होते. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसरा करत असताना मान डोलावलेली, तिन्ही सारख्याच. मी बसमध्ये बसून मोजलं. बोट दाखवून बोलले ते केलेलं. पोरांना हसायला लावलं ते करवलेलं. "बटाटा" ऐकून गप्प राहिले ते अनुमोदन. बटाट्यातले जीव मोजणाऱ्या मला समोर उभा असलेला पंचेंद्रिय जीव दिसला नव्हता.

पण लगेच काही मी तिच्या घरी गेले नाही. घर तीन गल्ल्या पलीकडे. जायला पाच मिनिटं. तरी उन्हाळा गेला, दुसरं वर्ष सुरू झालं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमच्या वर्गात एक दिवस रडारडच झाली. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही, त्यासाठी डी.एल.एड.च हवं. आमच्यातल्या कितीतरी मुली प्राथमिक शाळेची आशा धरून होत्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, मोठ्यांचं शिकून ते येत नाही, असा याचा अर्थ घ्या." मुलींचं दुःख खरंच होतं, वर्ष आणि पैसे गेले होते. पण मला मात्र माझी चौथीतली ती मुलगी दिसत होती. लहान मुलांना शिकवायला वेगळं शिकावं लागतं हे देशाचं न्यायालय सांगत होतं आणि मी बारा वर्षं काहीच न शिकता त्यांच्यापुढे उभी होते.

पुढच्याच महिन्यात दशलक्षण पर्व आलं. आपण सगळ्याजणी करतो तेच मी केलं. दहा दिवस पूजा, एकासनं, अनंत चतुर्दशीचा उपवास. क्षमावाणीच्या दिवशी फोनवर हात जोडलेलं चित्र दीडशे जणांना पाठवलं. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "कुणाची क्षमा मागायची राहिली का गं?" त्या दर वर्षी विचारतात. मी पदर खोचला आणि निघाले.

तिची आई दारातच भेटली. माझ्याकडे बघून गोंधळली. मी आत जाऊन बसले. मुलगी आता आठवीत होती, चांगली उंच झालेली, वेणी घालत होती. मी म्हटलं, "बाळ, चौथीत असताना मी तुला पाठशाळेत सगळ्यांसमोर उभं केलं होतं. ते माझं चुकलं. उत्तम क्षमा."

आईनं विचारलं, "काय झालं होतं?" तिला काहीच माहीत नव्हतं. मुलगी तेव्हा घरी म्हणाली होती की रविवारी पोट दुखतं.

मुलगी थोडा वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही. तीन सेकंदांहून पुष्कळ जास्त थांबले. मग ती म्हणाली, "काकू, त्या दिवशी खिचडी सगळ्यांनीच खाल्ली होती. हात मी एकटीनंच वर केला."

मला काय बोलावं ते सुचेना. पाठशाळेतली निम्मी मुलं तिच्याच शाळेत होती, एकाच पातेल्यातली खिचडी खात होती. हे मला तेव्हाही समजू शकलं असतं. दहा धर्मांत उत्तम सत्य आहे. पाठशाळेत त्या दिवशी एकच मूल खरं बोललं आणि मी त्याचा पेढा काढून घेतला. गप्प राहिले त्यांना शाब्बासकी दिली. म्हणजे त्या रविवारी मी तीस मुलांना काय शिकवलं?

आई उठून म्हणाली, "वहिनी, चहा ठेवला असता, पण दिवस मावळला. तुम्ही घेणार नाही. आम्हीही चातुर्मासात रात्रीचं घेत नाही. दुसरी पाळी असली की मी गिरणीत उजेड आहे तोवरच डबा खाऊन घेते." आणि मी चार वर्षं म्हणत होते, घरात वळण नाही.

बी.एड.मध्ये पहिल्या वर्षी चार आठवडे आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवायचं असतं. तिला आंतरवासिता म्हणतात. रोज पाठ टाचण काढायचं, शिकवायचं, दुसरीचा पाठ मागच्या बाकावर बसून बघायचा, संध्याकाळी दैनंदिनीत स्वतःचं काय चुकलं ते लिहायचं. आपलं प्रतिक्रमणच म्हणा की. माझे विषय मराठी आणि इतिहास.

डिसेंबरात आठवीला सविनय कायदेभंगाचा पाठ होता. १९३० सालची दांडीयात्रा, मिठाचा सत्याग्रह, मग महाराष्ट्रातले जंगल सत्याग्रह. मी विचारलं, "आपल्या जिल्ह्यात कुठं सत्याग्रह झाला असेल?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी ओठ मिटले आणि मनात मोजलं. एक. दोन. तीन. चार. शेवटच्या बाकावरून, तीन महिन्यांत एकदाही न बोललेला मुलगा उठला. "बाई, बिळाशीला. माझ्या आजीचं गाव आहे ते. तिथं जंगलातलं झाड तोडून झेंडा लावलेला." पुढं त्यानं आजीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. शिराळ्याकडची त्याची बोली ऐकून कुणीतरी हसायला लागलं. मी त्या हसणाऱ्या मुलाकडे नुसतं पाहिलं, तो गप्प झाला. एवढंच. पण त्या दिवशीच्या दैनंदिनीत पहिल्यांदा "काय चुकलं" या रकान्याखाली कमी आणि "काय जमलं" याखाली जास्त लिहिलं.

आता विचारणाऱ्या दोघींसाठी थोडक्यात माहिती.

मुलगी बारावीला असेल आणि तिला पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. सहावीच्या पुढच्या वर्गांना शिकवायचं असेल तर पदवी आणि बी.एड., म्हणजे तीन अधिक दोन अशी पाच वर्षं. आता एक चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही निघाला आहे. बारावीनंतर थेट प्रवेश, पदवी आणि बी.एड. एकत्रच, बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम.सोबत. त्यात एक वर्ष वाचतं. २०२३-२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत तो सुरू झाला. त्याची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय पातळीवर वेगळी होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी हीच किमान पात्रता करायची आहे, म्हणून लहान मुलींच्या आयांनी त्याकडे आतापासून लक्ष ठेवावं. जवळपास अशी संस्था आहे का ते आधी बघा.

पदवी हातात आली की काम संपत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी द्यावी लागते. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. दीडशे गुणांचा पेपर, खुल्या गटाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण लागतात. एकदा पास झालात की ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. मी २०२४ च्या नोव्हेंबरात दुसरा पेपर दिला, सत्त्याण्णव मिळाले. अनुदानित शाळेतल्या जागांसाठी त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल असतं. तिथं गर्दी फार आणि वाट लांब. खोटी आशा दाखवत नाही. मी सध्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. मिळतात ते पैसे सांगण्यासारखे नाहीत, सासूबाई त्याला "बसभाडं" म्हणतात.

जैन अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत आपल्या मुलींसाठी राखीव जागा असतात, शिष्यवृत्त्याही असतात. त्यासाठी लागणारे दाखले परीक्षेच्या आधीच काढून ठेवा. ऐनवेळी पळापळ होते.

आणि वयाचं म्हणाल तर माझ्या वर्गात माझ्याहून मोठ्याही दोघी होत्या. वयाची अडचण होत नाही. आपल्याला येतं असं वाटण्याची अडचण होते.

पाठशाळा अजून घेते. हात वर करायला लावणं त्या क्षमावाणीनंतर बंद केलं. आता मुलं चिठ्ठीवर लिहितात, या आठवड्यात कोणता नियम पाळायला अवघड गेला. नाव घालायचं नाही. मागच्या रविवारी एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "वाढदिवसाला मित्राकडे केक होता. मी नाही म्हटलं तर त्याच्या आईला वाईट वाटलं." त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. नियम कसा पाळायचा आणि समोरच्याचं मनही कसं राखायचं. लांछनं पाठ करायची राहिली त्या दिवशी. राहू देत.

महिन्यातून एकदा डी.एल.एड. करणारी आपल्यातलीच एक मुलगी मागे बसून माझा तास बघते. मीच तिला बोलावते. संपल्यावर ती वही उघडते आणि मला अजूनही थोडी धडकी भरते.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. बारा वर्षांत मागच्या बाकावर बसून मला कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी सत्कार केला, पण "ताई, उत्तर तुम्हीच दिलंत" असं कुणी सांगितलं नाही. त्या कागदासाठी दोन वर्षं कुणीतरी मला रोज पाहत होतं, टोकत होतं, पुन्हा उभं करत होतं. मी हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी खाटेवर बसून टोकलं, त्याचा कागद मला पण दे की."

ती मुलगी पाठशाळेत परत आली का, असं तुम्ही विचाराल. नाही आली. ती आता मोठी झाली, तिचे क्लास असतात रविवारी. रस्त्यात भेटली की सायकल थांबवून "जय जिनेंद्र काकू" म्हणते. पेढ्याची पुडी मात्र मी त्या क्षमावाणीला विसरले होते. ती दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. तिनं ती माझ्यासमोरच उघडली आणि एक पेढा मला दिला.

तुमच्यापैकी कुणाला अर्ज भरायचा असेल तर निःसंकोच विचारा. लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.